साखर मोजणारी सेलेस्तीनबाई

माणसाला साखर जास्त होते हे मला ठाऊक होतं, मलाच आहे. पण साखर कमी होऊन तान्हं पोर मरायला टेकतं, हे मला सेलेस्तीनबाईनं शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडून सांगितलं. ती बाई शिकवायची नाही, ओरडायची.

बाई मेलेली नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे हात जोडतील. बहिणीकडे बेळगावला राहायला गेली. आगाशीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर तिचा दवाखाना होता, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. आमच्या लेखी मेल्यासारखंच ते.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. निर्मळला केळीची आणि चाफ्याची वाडी केली, लिहायचं काम कधी पडलं नाही. हे खरं तर माझ्या बायकोनं सांगायचं होतं. तिनं थोडं खोटं घालून जास्त चांगलं सांगितलं असतं. ती गेली, म्हणून मी लिहितो.

सेलेस्तीनबाई लहान मुलांची डॉक्टर. त्यातही हार्मोनची. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर गावाकडे येऊन बसली. सुती साडी, पायात पांढरे धावायचे बूट, आणि डॉक्टरी कोटाच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. विचार करायचा असला की शेंगा फोडायची. टरफलं जास्त दिसली की समजायचं, समोरच्या पोराचं दुखणं सोपं नाही. पाटीवर तिचं आडनाव होतं पण ते कुणी वापरलं नाही. ख्रिस्ती असो, हिंदू असो, सगळे सेलेस्तीनबाईच म्हणायचे.

तिची एक रीत होती. मोठ्यांना ती अरे-तुरे करायची आणि तान्ह्यांना अहो-जाहो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय.

"या, या, राऊतबाई. काय म्हणता? झोप लागली का प्रवासात?" हे आमच्या ओवीला, जी तेव्हा जेमतेम दीड महिन्याची. आणि लगेच माझ्या मुलाला, "अरे ए, तिची टोपी काढ. तुझं डोकं तापवायला मी बसलेय, तिचं तू तापवू नकोस."

मी एकदा विचारलं, हे असं उलटं का? ती म्हणाली, "त्यांनी अजून कुणाचं वाईट केलेलं नाही. तू केलंयस, तोंडावर दिसतं."

देवावर तिची श्रद्धा होती, पण ती त्याच्यावर सगळं टाकायची नाही. "देव बघतो, मी मोजते," असं म्हणायची. एकदा म्हणे चर्चमध्ये उपदेश फार लांबला. पुढच्या बाकावर तिच्याच एका पेशंटची आई पोर घेऊन बसलेली. बाई भर उपदेशात उठली, पोराच्या टाचेला सुई टोचली, यंत्र बघितलं आणि फादरना म्हणाली, "तुम्ही चालू द्या. हे साहेब आता दूध पिणार." फादरनी पाप-पुण्याचं निम्मं पुढच्या रविवारावर ढकललं.

आता ओवीचं सांगतो.

ओवी जन्मली ती एवढी दांडगी की अख्खं निर्मळ बघायला आलं. गालावर गाल. शेजारची शकूकाकी म्हणाली, "पैलवान काढलाय." माझी बायको तारा खूष. तिच्या मते अंगावर मांस असलं की माणूस सुखात. आणि तिसऱ्या आठवड्यात पोर थरथरायला लागलं. हात-पाय झटके द्यायचे, मग ओल्या फडक्यासारखं लुळं पडायचं. तारानं मीठ-मोहरी उतरवली. शकूकाकीनं सांगितलं, पैलवान म्हटल्याची माझीच दृष्ट लागली असेल, आणि स्वतःची दृष्ट स्वतःच काढायला बसली. एका डॉक्टरनं साखर कमी झाली म्हणून सलाईन लावलं, पोर उठलं, घरी पाठवलं. दोन दिवसांत परत तेच. पुन्हा सलाईन, पुन्हा घर. शेवटी त्यांनीच सांगितलं, आगाशीला सेलेस्तीनबाईकडे जा.

बाईनं कागद बघितले, पोर बघितलं, शेंगा फोडल्या. बऱ्याच फोडल्या. मग मला म्हणाली, "राऊत, तुझ्या विहिरीवर मोटर आहे?"

"आहे."

"पाणी तळाला गेलं की?"

"आपोआप बंद होते. ऑटोमॅटिक बसवलंय."

"ते बिघडलं तर?"

"मोटर चालूच राहते. विहीर कोरडी करते."

"तुझ्या नातीच्या पोटात तेच झालंय, असा मला संशय आहे. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर खेचणारी मोटर. तुझी नीट चालत नाही, म्हणून तुझी विहीर भरून वाहते. हिची बंदच होत नाही."

मी म्हणालो, "मग माझी साखर तिला द्या की."

बाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत मागे सरकलो. "देता आली असती तर तुझ्याआधी सगळ्या वसईची रांग लावली असती."

मग तिनं हसणं बंद केलं आणि सगळ्यांना एकदाच सांगितलं. बाकीची पोरं उपाशी राहिली की अंगातली चरबी जाळून मेंदूला पुरवतात. हिच्यात ही मोटर चरबीही जळू देत नाही. म्हणजे घरात दिव्याला तेल नाही आणि मेणबत्तीही नाही. प्रत्येक झटक्याला मेंदूचा एक कोपरा अंधारात बसतो. तो कोपरा नंतर कुठल्याच औषधानं उजळत नाही. म्हणून घाई.

"मग द्या ना औषध," माझा मुलगा प्रकाश म्हणाला.

"आधी चोर पकडायचा. साखर तळाला गेलीय आणि तरी मोटर चालू आहे, हे मला रक्तात दिसलं पाहिजे. त्यासाठी हिचं दूध थांबवायचं आणि साखर पडायची वाट बघायची. पडली की त्याच घटकेला रक्त काढायचं आणि लगेच साखर चढवायची. मी जागेवरून हलणार नाही."

सगळ्यांनी मान हलवली. तारानं हलवली नाही, पण ते तेव्हा कुणी बघितलं नाही.

तारा कशी होती ते सांगायला पाहिजे. स्वतः चतुर्थी, एकादशी, सोमवार, सगळे उपास करायची. दुसऱ्याला मात्र उपाशी बघू शकायची नाही. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेला माणूस जेवून जायचा आणि नळ तसाच राहायचा. राजेळी केळ्यांची सुकेळी करावी तर तिनंच. उन्हात सुकवून काळीतांबूस, मधासारखी चिकट, वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेली. वसईत सुकेळी सगळे करतात, पण तिच्या सुकेळीसाठी लोक आगाशीहून वाकडी वाट करून यायचे.

परीक्षा विरारच्या एका लहान मुलांच्या नर्सिंग होममध्ये ठरली. सकाळी बाईनं ओवीला नमस्कार केला, "राऊतबाई, आज तुम्हाला त्रास देणार आहे, माफी असावी," आणि दूध बंद केलं. नर्स थोड्या थोड्या वेळानं टाचेतून थेंब काढून मोजायची. साखर खाली आली. आणखी खाली आली. बाई सुई घेऊन उभी राहिली. आणि साखर परत वर गेली.

बाई बसली. शेंगा फोडल्या. पुन्हा वाट. पुन्हा खाली, आणि बाई उठायला आणि साखर वर जायला एकच गाठ. संध्याकाळ झाली तशी परीक्षा बंद केली.

दुसऱ्या दिवशीही तेच. बाईच्या खुर्चीखाली टरफलांचा ढीग. सफाईवाली मावशी म्हणाली, "बाई, हे दवाखानं आहे का चौपाटी?" बाईनं तिला उत्तर दिलं नाही. तेव्हा मी घाबरलो. बाई ओरडत होती तोवर बरं होतं.

तिनं मुंबईला तिच्या जुन्या सरांना फोन लावला. आम्ही बाहेर बाकावर होतो, आवाज ऐकू येत होता. "नाही सर, टिकत नाही खाली. आपोआप सावरते. हे पुस्तकात नाही." पलीकडून काहीतरी सांगणं झालं. बाई म्हणाली, "मग माझा अंदाज चुकला असेल. मी हे औषध सुरू करत नाही, दुसरं काहीतरी शोधते." फोन ठेवून बाहेर आली आणि प्रकाशला म्हणाली, "उद्या एकदा करू. उद्याही असंच झालं तर मला माहीत नाही तुझ्या मुलीला काय झालंय. आणि माहीत नसताना मी औषध देत नाही."

सूनबाई रडायला लागली. तारानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "रडू नकोस. पोर सावरतंय ना आपोआप? देवाची कृपा." बाईनं वळून तिच्याकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई ओवीच्या पाळण्यापाशी वाकून यंत्र लावत होती, ती वाकलेलीच राहिली. मग गुडघ्यांवर बसली. मग दोन्ही हात जमिनीला टेकून, कोट लोळवत, पाळण्याखाली गेली. नर्सला वाटलं चक्कर आली. ती धावली तर आतून बाई म्हणाली, "पाय बाजूला घे. मुंग्या आहेत."

पाळण्याच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढलेली. ओवीच्या उशीपाशी, तिच्या गालाशी, जावळात. बाई रांगेच्या उलट्या दिशेनं रांगायला लागली. खोलीभर रांगली. पाळण्याखालून खुर्चीखाली, खुर्चीखालून भिंतीकडेनं, आणि भिंतीकडेनं थेट तारापाशी. तारा खाली सतरंजीवर बसली होती. कापडी पिशवीवर बसली होती.

बाई चार पायांवरून वर बघत म्हणाली, "वहिनी, ऊठ."

"माझे गुडघे दुखतात."

"मुंग्यांचे नाही दुखत. ऊठ."

तारा उठली. पिशवीत सुकेळी. एक तर भिजवून, मऊ करून, मलमलच्या फडक्यात बांधलेली. चोखायला. सूनबाई चहाला गेली की, नर्स वळली की, ती पुरचुंडी ओवीच्या तोंडात जात होती.

बाई तिथेच जमिनीवर बसली. मी म्हटलं आता हिच्या तोंडून काय निघेल ते ऐकायला नको. तर तिनं एक सुकेळी पानातून सोडवली आणि खाल्ली. पूर्ण खाल्ली. बोटं चाटली.

"चांगली झालीय. राजेळी कुणाची?"

"आमचीच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तपासणीत मुंग्या पास, मी नापास," बाई म्हणाली. मग ती तारावर सुटली. "एवढ्याशा पोराच्या नरड्यात अडकली असती तर? आणि तू नातीला वाचवत नव्हतीस, चोराला पळवून लावत होतीस. मी दार अडवून उभी आणि तू मागची खिडकी उघडून देतेस."

तारा ऐकणारी नव्हती. "मूल उपाशी ठेवून कुणाचं भलं झालं? तुम्ही तीन दिवस तिला उपाशी ठेवता आणि वर पुस्तकात नाही म्हणता. कसं असेल पुस्तकात? पुस्तक लिहिणाऱ्याला आई नसेल?"

"आजी नसेल," बाई म्हणाली. "असती तर पहिल्या पानावर लिहिलं असतं, आजीला बाहेर काढा."

पण बाहेर तिनं काढलं नाही. वेगळंच केलं. ताराला बेसिनपाशी नेलं, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत साबणानं स्वतः धुतलं, ऑपरेशनला धुतात तसं. पदराची गाठ सोडून बघितली. मग ओवीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "आज तू धर. रडली तर तुझ्या मांडीवर रडू दे. तुझ्या हातात काही नाही, माझ्या हातात सुई आहे. तू हललीस तर परत उद्या. आणि उद्यापर्यंत अजून एक कोपरा अंधारात."

तारा बसली. ओवी भुकेनं रडली, हाताची मूठ चोखली, ताराच्या छातीशी तोंड घासलं. तारा भिंतीकडे बघत होती. जिच्या दारातून कुत्रंही उपाशी गेलं नाही, ती बाई रडणारं पोर मांडीवर घेऊन दगडासारखी बसली. मी तिच्याबरोबर सगळा जन्म काढला. तिच्या हातून याहून अवघड काम झालेलं मी बघितलं नाही.

साखर खाली आली. आणखी आली. राहिली. बाईनं रक्त काढलं, लगेच ग्लुकोज दिलं. नंतर अशाच आणखी एका पडत्या वेळी अंगात साठलेली साखर रक्तात सोडायला लावणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन साखर उडी मारते का तेही बघितलं, आणि तिनं मारली. रक्ताचा निकाल आला तेव्हा बाई आमच्याकडे न बघता पाळण्याकडे गेली आणि म्हणाली, "राऊतबाई, सापडला. मोटर चालूच होती. तुमचं काही चुकलेलं नाही."

औषधाचं नाव डायझॉक्साइड. ते आमच्या भागात मिळेना. प्रकाश मुंबईभर फिरून घेऊन आला. बाईनं सांगितलं, यानं ते बिघडलेलं ऑटोमॅटिक ताळ्यावर येतं, पण सगळ्यांचं येत नाही. नाही आलं तर पुढच्या तपासण्या, आणि शेवटी पोटातलं स्वादुपिंड जवळजवळ सगळं कापावं लागेल. "मग मोटरच नाही. मग साखर जास्त. इंजेक्शनं जन्मभर."

"म्हणजे आजोबांवर जाईल?" तारानं विचारलं.

"हो. पण याच्यासारखी चोरून जिलबी खायला तिला अजून थोडी वर्षं लागतील."

मी जिलबी खाल्लेली होती. त्याच सकाळी. बाईला कसं कळायचं देव जाणे. तो बघतो, ही मोजते.

औषध लागू पडलं. साखर टिकायला लागली, झटके थांबले, पोर हसायला लागलं. पण त्या औषधानं केस येतात. बाईनं आधी सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. कपाळावर केस, गालावर केस, पाठीवर मऊ काळी लव, भुवया एकमेकींना जाऊन मिळालेल्या. सूनबाई टोपी कपाळाखालपर्यंत ओढायची. आणि शकूकाकी एका शनिवारी सकाळी नारळ घेऊन उभी.

"हे कशाला?" मी विचारलं.

"भाऊजी, लपवू नका. तुमच्या घरी मारुतीराया आलाय."

"मुलगी आहे ती."

"देवाला काय त्याचं?"

मी हाकललं, पण नारळ फोडून झाला होता. पुढच्या शनिवारी दहा-बारा माणसं. त्याच्या पुढच्या शनिवारी वाडीच्या दारापर्यंत रांग. निर्मळची, आगाशीची, फुलपाड्याहून रिक्षा करून आलेली. रुईच्या पानांच्या माळा, तेल, पेढे, गूळ. ताराला कळेना काय करावं. आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही म्हणून ती सगळ्यांना चहा देत होती. ओवी पाळण्यात हाताशी आलेली माळ तोंडात घालत होती.

तेवढ्यात स्कूटरवरून सेलेस्तीनबाई. ती महिन्यातून एकदा अशीच न सांगता यायची, घरची साखर बघायला. रांग बघितली, नारळ बघितले, पाळण्यापाशी जाऊन ओवीच्या तोंडातलं पान काढलं. मला वाटलं आता ही लोकांना बुटांनी मारते. पण ती ओट्यावर खुर्ची टाकून बसली, पिशवीतून यंत्र काढलं आणि ओरडली, "दर्शनाला बोट द्यावं लागेल. बोट दिल्याशिवाय आत नाही."

लोकांना वाटलं हा नवा नवस आहे. एकेकानं बोट पुढे केलं. बाई टोचायची, थेंब घ्यायची, आकडा बघायची आणि शिव्या घालायची. "तू पेढे कुणासाठी आणलेस? वाटेत किती खाल्लेस?" "तुझी आई कशानं गेली? मग तू काय त्याच वाटेनं निघालास?" "तू ठीक आहेस, जा, देवाला हात लावू नको, लांबून बघ." निम्म्या लोकांना साखर निघाली आणि त्यातल्या निम्म्यांना ती आहे हे माहीत नव्हतं.

फुलपाड्याचा एक गृहस्थ होता, अंगात ताकद नाही, चालवत नाही म्हणून मारुतीकडे आलेला. त्याच्या थेंबाला यंत्रानं आकडाच दाखवला नाही, इतकी जास्त. बाईनं त्याला तिथूनच चिठ्ठी लिहून मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याचं औषध सुरू झालं, महिन्याभरात माणूस चालायला लागला, आणि भला मोठा हार घेऊन परत आला. हार ओवीला घातला.

बाई तेव्हा तिथेच होती. "चिठ्ठी माझी, औषध डॉक्टरचं आणि हार हिला?"

तो म्हणाला, "ताई, तुम्ही निमित्त."

बाई ओवीकडे वळून म्हणाली, "राऊतबाई, निदान नारळ तरी वाटून घेऊ." आणि डिकी भरून नारळ घेऊन गेली.

ओवी बोलायला लागली त्या दिवसापासून बाईनं तिला अहो-जाहो करणं सोडलं. ओवीचा पहिला शब्द 'नको' होता. बाई म्हणाली, "झालं. आमच्यातली झाली," आणि लगेच तिला अगं केलं.

त्या सगळ्या वर्षांत तारा आणि बाई यांचं भांडण चालूच होतं. दूध किती, भात किती, जेवल्यावर किती वेळानं पुन्हा. पण तारानं बाईचा शब्द मोडला नाही. ओवीला भूक लागायच्या आधी जेवायला मिळायचं. शाळेच्या पिशवीत डबे, खिशात ग्लुकोज, लग्नाला गेलो तरी आधी हिचं ताट. घरात कुणी 'भूक' शब्द काढला की तारा उठलीच. आम्ही तो शब्द काढायचंच सोडून दिलं.

मग तारा गेली. सकाळी चाफा काढून आली, पाटी खाली ठेवली आणि पाटीशेजारी बसली ती बसलीच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक येत होते, सुटली म्हणत होते, भाग्याची म्हणत होते. मला एकेकाला उचलून विहिरीत टाकावंसं वाटत होतं. सेलेस्तीनबाई आली, ओवीची साखर मोजली, मग माझं बोट ओढून माझी मोजली, आणि भरल्या घरात माझ्यावर ओरडली, की ही काय साखर आहे, तुला पण जायचंय का, मग पोरीला भात कोण घालेल? तेवढं एक बोलणं मला त्या दिवसांत समजलं. दुसऱ्या दिवसापासून मी भात शिजवायला शिकलो.

त्यानंतर वर्षभरानं बाई म्हणाली, औषध कमी करत आणलंय, आता बंद करून बघू. बंद केल्यावर पुन्हा उपासाची परीक्षा. या वेळी ओवी शाळेत जाणारी, तिला सगळं कळणारी. त्याच नर्सिंग होममध्ये, पाळण्याऐवजी खाट. प्रकाश आणि सूनबाई भिंतीला लागून उभे. मी सतरंजीवर. माझ्या शेजारी जागा होती, ती कुणी घेतली नाही.

पडली तर परत औषध, परत ते केस, परत डबे. टिकली तर पोर सुटलं. एवढंच होतं, पण मला बसवत नव्हतं.

ओवीनं विचारलं, "डॉक्टर, तू जेवलीस?"

"नाही."

"का?"

"तू जेवल्यावर."

"मग तुझीपण साखर मोज."

बाईनं मोजून दाखवली. दुपार झाली. नर्स चहा घेऊन आली, बाईनं परत पाठवला. शेंगाही फोडल्या नाहीत. ओवीची साखर हळू उतरली, एका ठिकाणी आली आणि तिथे थांबली. बाई थेंब घेत राहिली. ती तिथेच. मग बाईनं दुसरं यंत्र लावलं, चरबी जळते का बघायचं. जळत होती.

"आपोआप बंद झाली," बाई म्हणाली. एवढ्या हळू की प्रकाशनं पुन्हा विचारलं.

सूनबाई डबा उघडायला लागली. बाईनं झाकण दाबलं आणि ओवीला अर्धा पेला दूध दिलं. "इथे एवढं दूध पुरे. जेवण घरी. आणि शिजवून ठेवलेलं नको. घरी जाऊन तांदूळ धुवायचे. बाकीची पोरं वाट बघतात, हिला पण बघू दे."

"डॉक्टर, एवढं थांबेल ती?"

"मी बरोबर येतेय. मला पण वाढा."

घरी आलो. मी तांदूळ धुतले, कुकर होता तरी पातेलं ठेवलं. मला कुकरची शिट्टी आवडत नाही. बाई पांढरे बूट काढून ओटीवर मांडी घालून बसली, शेजारी ओवी, दोघींच्या पुढ्यात रिकाम्या ताटल्या. मी तिला शेवटची बघितली ती तशी. पुढच्या आठवड्यात ती बेळगावला गेली, मला न सांगता. सांगायची तिची रीत नव्हती.

ओवी म्हणाली, "आबा, भूक लागली."

मी दारात उभा राहिलो. सूनबाई सवयीनं उठली, बाईनं तिचा ओढणीचा शेव धरून खाली बसवली.

"राऊत," बाई ओरडली, "मला पण लागलीय. भात लावलायस का पेरलायस?"

ओवी खिदळली आणि ताटली वाजवायला लागली. "आबा, भूक. आबा, भूक. मरते मी भुकेनं."

"काही मरत नाहीस," बाई म्हणाली आणि आपलीही ताटली वाजवायला लागली.

मी आत गेलो. झाकण काढून बघितलं, भात होत आला होता. बाहेर दोघी बोंबलत होत्या. मी गॅस बारीक केला.